बंदूक ठाण्यात, हरणं दारात

२८ ऑक्टोबर २०२४, सोमवार

वसुबारस. सोसायटीच्या दारात गाय-वासराची रांगोळी निघाली. खरी गाय आसपास नाही, म्हणून पूजा मातीच्या जोडीची. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची आज सुट्टी. आरेतल्या त्यांच्या पाड्यावर वाघबारस, वाघोबाला नारळ आणि कोंबडा. तिथी एकच. आम्ही जिला हळदकुंकू लावतो, तिला खाणाऱ्याची पूजा ते लोक करतात. मला त्यांचा व्यवहार जास्त सरळ वाटतो; ज्याच्याशी रोज गाठ पडायची, त्याच्याशी आधी बोलून घेतलेलं बरं.

मावशींचा आजा तीरकमठा घेऊन रानात जायचा. ससा मिळाला तर घरचा, भेकर मिळालं तर अख्ख्या पाड्यात वाटे. "आता कोन जातंय ताई? पकडलं तर केस होते. आता सगळा वाटा बिबट्याचाच."

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज व्हिडिओवर. मी बोरिवलीतून ताट ओवाळलं, दादानं कुडाळकडून हात जोडले. ओवाळणी जीपेवर आली. मग मूळ विषय निघाला.

"गो, बंदूक ठेवन इलंय पोलीस ठेसनात. पावती दिल्यानी. आता डुकरांका कोण सांगतलो आचारसंहिता लागली ती?"

यंदाची ही दुसरी खेप. उन्हाळ्यात लोकसभेला जमा केली होती, आता विधानसभेला. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका घरोघर सापडतात, आणि निवडणूक आली की त्या ठाण्यात रांगेनं उभ्या राहतात. आमची ठासणीची. परवाना आधी आजोबांच्या नावावर, मग बाबांच्या, आता दादाच्या. लहानपणी ती भरताना मी कितीदा पाहिली आहे. नळी आभाळाकडे करायची, मापानं दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजानं ठोकून बसवायचा. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी घोड्याखाली तांब्याची टोपी. एवढं सगळं करून बार एकच. तो चुकला की सगळा खटाटोप पहिल्यापासून, आणि डुक्कर काही तोवर थांबत नाही.

परवान्यावर 'शेतीसंरक्षण' लिहिलेलं असे आणि शेत राखलंही जाई. पण मधूनच एखाद्या रात्री मांगरातून परतताना बाबांच्या खांद्यावर गोणपाट असायचं, आणि आई काही न विचारता मसाला वाटायला बसायची. गावानं मिळून रान काढलं तर वाटे मोठ्या फणसाखाली पडत. बंदुकीचा वाटा वेगळा, मग माणशी एक, आणि कुत्र्यांचाही. तेव्हाही ते कायद्यात बसत होतं असं नाही. माजघराच्या भिंतीवर भेकराची दोन शिंगं होती. ती पुढं कधीतरी दिसेनाशी झाली. कुणी काढली, कुणी विचारलं नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पेपरात पुन्हा काळवीट. गेल्या महिन्यात वांद्र्यात माजी मंत्र्याचा गोळ्या घालून खून झाला, त्यात बिश्नोई टोळीचं नाव आलं, तेव्हापासून रोज त्या जुन्या प्रकरणाची उजळणी चालू आहे. १९९८ साली जोधपूरजवळ 'हम साथ साथ हैं'चं शूटिंग चालू असताना कांकाणी गावात दोन काळविटं मारली गेली. २०१८ च्या एप्रिलमध्ये सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा झाली, बरोबरचे नटनट्या सुटले, अपील अजून चालू. गावकरी बंदुकीचा आवाज ऐकून धावले नसते, तर हे प्रकरण उभंच राहिलं नसतं. तिथल्या बिश्नोई समाजासाठी तो देवाधर्माचा विषय. आपल्याकडे त्याची धमक्यांची बातमी झाली, आणि हरणाचं काय झालं हे आतल्या पानावर गेलं.

बँकेत आमचे एक साहेब होते, जुने शिकारी. ते म्हणायचे, 'बहात्तर साली शिकार बंद झाली.' तसं नव्हतं ते. त्याआधी १९५१ मध्येच मुंबई राज्यानं वन्य पशुपक्ष्यांसाठी स्वतःचा कायदा केला होता. आणि १९७२ च्या केंद्राच्या कायद्यानंही शिकार सरसकट बंद केली नाही. त्यात परवान्यांची सोय होती, प्राण्यांच्या याद्या होत्या. चितळ, सांबर, भेकर हे 'बिग गेम'च्या यादीत. म्हणजे पैसे भरा, अटी पाळा आणि मारा. परवान्याचं ते दार १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झालं. साहेबांनी मधल्या काळात काय केलं ते त्यांनाच ठाऊक.

आणखी एक. या कायद्यात शिकार म्हणजे नुसता गोळीबार नव्हे. फासा लावणं, जाळं टाकणं, हाका घालणं, आमिष ठेवणं, सगळं शिकारच. हेच राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत केलं तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पार्कात, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. हवेत जेमतेम गारवा. दहिसर नदीच्या पुलापलीकडे रस्त्याच्या कडेलाच चितळांचा कळप, फिरायला आलेल्यांना जराही न बिचकणारा. एक काका व्यायाम म्हणून टाळ्या वाजवत त्यांच्या अगदी जवळून गेले. एका मादीनं फक्त कान फिरवला. अशा हरणाची शिकार करायला बंदूक तरी कशाला लागते?

सांबर तसं नाही. कान्हेरीच्या रस्त्याला वळणावर एक नर उभा होता, अंगभर चिखल थापलेला, मानेचे केस चिकटून टोकदार झालेले. हे त्यांचे माजाचे दिवस. शिंगांवर गवताचा गुंता अडकलेला, तो त्यानं मुद्दाम मिरवायला घेतलेला असतो म्हणतात. माझ्याकडे बघून त्यानं पुढचा एक पाय आपटला. मग मान न वळवता, नुसतं शरीर मागं ओढल्यासारखा कारवीत शिरला. एवढं मोठं जनावर, घोड्याच्या अंगाचं, आणि काडी मोडल्याचा आवाज नाही. कारवी यंदा आठ वर्षांनी फुलली होती. आता नुसते वाळके दांडे उरलेत, तरी त्यात ते दिसेनासं झालं.

१७ नोव्हेंबर, रविवार

मुलुंडच्या मैत्रिणीबरोबर येऊरला. रानात हिंडायला बरोबर वनखात्याचा एक वनमजूर होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. परतताना त्यानं पिशवीतून गस्तीत सापडलेली फासकी काढून दाखवली. मी हातात घेतली. मोटरसायकलच्या क्लचची तार, चार हात लांब. एका टोकाला पीळ देऊन कडी केलेली, दुसरं टोक त्या कडीतून ओवलेलं. ओढलं की आवळतं, सोडलं तरी सैल होत नाही. मी तर्जनी घालून बघितली आणि लगेच काढली, तरी चामडीवर रेघ उमटली. हे जनावराच्या वाटेवर खुंटाला किंवा झाडाला बांधायचं, वर पाला टाकायचा आणि घरी जाऊन झोपायचं. डुकरासाठी गुडघ्याएवढं, सांबरासाठी वर. फास काही ओळखपत्र बघत नाही. डुकरासाठी लावलेल्यात सांबर अडकतं, सांबरासाठी लावलेल्यात बिबट्या.

"कोण लावतं?" मैत्रिणीनं विचारलं.

"मटन घेनारा असला की लावनारा मिळतो," तो म्हणाला. पुढं काही बोलला नाही.

मला ते पटलं. अशी फासकी सापडली की बोट लगेच पाड्याकडे जातं, कारण पाडा रानाच्या आत आहे आणि गिऱ्हाईक बाहेर. गेटबाहेर कुठल्या फार्महाउसवर 'जंगली मटण' म्हणून काय ताटात पडतं, त्याची गस्त कोण घालतं?

आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची या तारेशी तुलना केली तर बंदूक जवळजवळ सभ्य वाटते. निदान ती चालवणारा माणूस तिथं हजर असायचा, आणि चुकला तर जनावर निघून तरी जायचं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान केलं. शाई नखावर पसरली. दादाचा मेसेज: रात्री सुपारीच्या बागेत गवे शिरले, केळी संपल्या. बंदूक हाताशी असती तरी गव्याला हात लावता येत नाही, तो पहिल्या अनुसूचीतला. डुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण परवानगीचा कागद आणि डुक्कर एका रात्री कधी येत नाहीत.

१ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी भाच्याचा फोन, पेनसिल्व्हेनियातून. दादाचा थोरला. आवाजावरूनच कळलं, काहीतरी घडलंय.

"आत्या, मी हरीण मारलं."

काल तिकडे रायफलचा हंगाम उघडला. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. पूर्वी सोमवारी उघडायचा, २०१९ पासून शनिवार केला. तरी बऱ्याच शाळा त्या सोमवारची सुट्टी अजून देतात, आपल्याकडे गणपतीला कोकणातल्या शाळा देतात तशी. ऑफिसातले दोघे त्याला घेऊन गेले. आधी शिकारीच्या प्रशिक्षणाचा वर्ग, त्याची परीक्षा, मग वीस-एकवीस डॉलरचा परवाना, आणि हरणाला बांधायचा कागदी टॅग. डोक्यावर, छातीवर, पाठीवर भडक केशरी कपडा सक्तीचा, मिळून किमान २५० चौरस इंच. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र दिसावा लागतो. वस्तीच्या इमारतीपासून १५० यार्डांच्या आत बार टाकायचा नाही.

"आणि रान कुणाचं?"

"सरकारी. कुणीही जावं."

शिकारीसाठी राखलेली अशी सरकारी रानं त्या एका राज्यात पंधरा लाख एकर आहेत. आमचा पार्क १०४ चौरस किलोमीटर, म्हणजे पंचवीस हजार एकरांच्या थोडा वर, आणि त्याला चारी बाजूंनी टॉवर टेकलेले. रायफलची गोळी अडली नाही तर तीन किलोमीटरच्याही पुढं जाते. पार्कात उभं राहून कुठल्याही दिशेला नळी धरा, गोळी कुणाच्या तरी बाल्कनीच्या वाटेवर असणार. कायदा राहू द्या, इथं भूगोलच रायफल चालू देणार नाही.

त्यानं सगळं सांगितलं. पहाटे अंधारात जाऊन झाडाला पाठ लावून बसला. थंडीनं बोटं बधिर. उजाडल्यावर पांढऱ्या शेपटीचा नर ओकांच्या झाडांतून आला, थांबला, पुन्हा चालू लागला. भाच्यानं खांद्यामागं नेम धरून घोडा ओढला. हरीण पडलं नाही, पळालं. पानांवर रक्ताचे थेंब बघत तिघे मागोमाग गेले, दीडेकशे पावलांवर सापडलं. त्याला वाटलं होतं, आनंद होईल. "झाला पण," म्हणाला, "पण आधी जरा खाली बसलो." मग जागच्या जागी पोट फाडून आतडी काढली, टॅग बांधला, गाडीपर्यंत ओढत नेलं. पोट साफ करताना त्याला म्हणे आजोबांची आठवण झाली. आजोबांना त्यानं धड पाहिलंही नाही.

मी त्याला रागावणार होते. शब्द तोंडाशी आले होते. पण काय म्हणून रागवायचं? तिकडची गोष्ट वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बाजारासाठी हरणं इतकी मारली की १९०० च्या सुमारास अख्ख्या देशात पाचेक लाख उरली असावीत. मग रानातलं मांस विकणं बंद झालं. १९३७ च्या कायद्यानं रायफली-काडतुसांवरच्या कराचा पैसा रानांकडे वळवला. आज हरणं तीन कोटींच्या आसपास धरतात. पण लांडगा आणि प्यूमा त्यांनी पेनसिल्व्हेनियातून आधीच संपवले होते. हरणं वाढली, खाणारा गेला. ती रिकामी जागा आता केशरी जाकीट घातलेला माणूस भरून काढतो. इकडे बोरिवलीत ती जागा रिकामी झालेलीच नाही. २०१५ च्या कॅमेऱ्यांच्या गणनेत पार्क आणि आसपासच्या रानात ३५ बिबटे सापडले, २०१८ मध्ये ४७. हातात बंदूक घेऊन कुणी पार्कात शिरायला निघाला, तर तो त्यांच्या ताटातलं उचलणार, आणि मग ते गल्लीतल्या कुत्र्यांवर आणखी येणार. कुत्री ते आताही खातातच.

हे सगळं पार्कापुरतं बरोबर. कुडाळच्या बागेत गव्याला खाणारा कुणी नाही, आणि केळीचे पैसे दादाच्या खिशातून जातात. शिकारबंदी मला मनापासून हवी आहे. पण तिचं बिल गावाकडे जातं आणि मी इथं चितळं बघत सकाळचे पाय मोकळे करते, हे मला रुचत नाही. दादाच्या समोर बसून हे बोलायची माझी तयारी अजून नाही.

भाच्यानं विचारलं, शिंगं घेऊन येऊ का गावाला, माजघरात लावायला? म्हटलं, आणू नकोस. विमानतळावर कागद दाखवत बसशील.

८ डिसेंबर, रविवार

बंदूक परत मिळाली. दादानं फोटो पाठवला, गजाला गंज चढलाय. खोबरेल तेलानं पुसत बसलाय म्हणे.

भाच्याचा वेगळाच मेसेज. मांस खाटकाकडून कापून आलं, काही त्यानं गरिबांना जेवण देणाऱ्या संस्थेला दिलं, बाकी फ्रीजरमध्ये. तिकडचे लोक लोण्यात परततात, ते त्याला मिळमिळीत लागलं. आजीचं भेकराचं मटण कसं असायचं, दादाला विचार, असं त्याचं म्हणणं. बापाला थेट विचारायची त्याची छाती नाही.

दादाला फोन लावला. आधी हसला. मग एकदम आवाज खाली.

"गो, फोनवर असला काय विचारू नको. रेकार्ड होता सगळा."

"अरे, अमेरिकेतलं हरीण आहे. परवान्याचं."

"ता माका म्हायत हा. पोलिसांका खंय म्हायत?"

मग बराच वेळ थांबून, कुणा तिऱ्हाइताविषयी बोलावं तसं सांगितलं: रानातल्या मांसाला चरबी नसते, मंद आचेवर दीड-दोन तास शिजू द्यायचं, झाकणावर पाणी ठेवायचं, खोबरं भरपूर भाजायचं, धणे नेहमीच्या दुप्पट. भाच्याला तसंच्या तसं कळवलं. तो लगेच विचारतो, तिरफळं घालू? घरी आहेत, आईनं दिलेली.

म्हटलं, अजिबात नको. ती बांगड्याला.