आधी कोणी गायचे?

यंदा आखाजीला नातू पुण्याहून आला. त्याला घ्यायला मी चाळीसगाव स्टेशनावर गेलो होतो. गाडीतून उतरला तेव्हा पाठीवर नेहमीची गिटार दिसली नाही. मी काही विचारले नाही. मोठ्या झालेल्या पोराला स्टेशनावर विचारू नये, घरी जेवण झाल्यावर विचारावे.

रात्री खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस झाला. ओट्यावर खाट टाकली आणि मग म्हटले, “काय शे रे भाऊ?”

तेव्हा सगळे बाहेर पडले. कॉलेजातल्या पाच पोरांचा त्यांचा रॉक बँड आहे. पुण्यात एका मोठ्या बँडचा कार्यक्रम होता. त्याच्या आधी पंचवीस मिनिटे वाजवायला यांना बोलावले. याला म्हणे ‘ओपनिंग’ म्हणतात. पोरांनी महिनाभर तालीम केली. प्रत्यक्षात काय झाले? फलकावर मोठ्या बँडचे नाव हातभर आणि यांचे नाव बोटभर. हे वाजवत होते तेव्हा लोक खुर्च्या शोधत होते, भेळ खात होते. वर मोठ्या बँडची माणसे यांच्या गाण्यातच आपले माइक तपासून पाहत होती.

“आबा, आम्ही म्हणजे पंगत बसेपर्यंत वाढलेलं मीठ. मी गिटार विकायला काढली आहे,” तो म्हणाला.

वाचकहो, मला त्या ‘रॉक’मधले काही कळत नाही. पण एका मांडवात दोन मंडळ्या आल्या की आधी कोणी गायचे, हा प्रश्न मी लहानपणापासून पाहिला आहे. म्हणून त्याला आमच्या यात्रेची गोष्ट सांगितली.

बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. आमच्या गावात वरली गल्ली आणि खालली गल्ली यांचे पटत नसे. त्या चैत्रात दोन्ही गल्ल्यांनी वेगवेगळी वर्गणी केली आणि एकाच रात्रीसाठी दोन तमाशांना सुपारी दिली. दोन्ही फडांच्या बैलगाड्या दुपारी वेशीत समोरासमोर आल्या तेव्हा पंचांना घाम फुटला. दोन ठिकाणी ढोलकी वाजली तर कोणाचेच गाणे कानी पडणार नाही, आणि रात्री डोकी फुटतील ती वेगळीच. शेवटी ठरले की मांडव एकच घालायचा आणि दोन्ही फडांनी पाळीपाळीने उभे राहायचे.

पण आधी कोण? तमाशाचा क्रम तुम्हाला ठाऊक आहेच. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि लावण्या, आणि रात्र चढल्यावर वग. गणाच्या वेळी लोक अजून घोंगड्या पसरत असतात, पोरे रडत असतात. माणसे खरी रमतात ती वगात. त्यामुळे आधी उभे राहायला कोणीच तयार होईना. वरली गल्ली म्हणे आमचा फड नावाजलेला, तो मागून लागेल. खालली गल्ली म्हणे आमची वर्गणी जास्त.

तेव्हा नावाजलेल्या फडाची मालकीण पुढे आली. पन्नाशीची बाई, डोईवर पदर. ती म्हणाली, “पंच, आम्हीच आधी लागतो. आमचा सोंगाड्या म्हातारा आहे, त्याला जागरण सोसत नाही.” लोक हसले आणि भांडण तिथेच मिटले. सोंगाड्या चांगला ठणठणीत होता, हे मी संध्याकाळी त्याला भाकऱ्या नेऊन दिल्या तेव्हा पाहिले होते.

माझ्याकडे गॅसबत्तीला हवा भरायचे काम होते. त्यामुळे रात्रभर मी मांडवाच्या मागे होतो. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या फडाचा वग ऐन रंगात आला आणि त्यांच्या ढोलकीवाल्याची बोटे फुटली. रक्त वाजवायच्या पुडीवर लागले. वग थांबणार, इतक्यात पहिल्या फडाचा ढोलकीवाला झोपेतून उठला, काही न बोलता त्याच्या जागी बसला आणि उजाडेपर्यंत वाजवत राहिला. पुढे बसलेल्या गावाला माणूस बदलल्याचे कळलेही नाही. मला मात्र ते आजही डोळ्यांसमोर दिसते.

नातू ऐकत होता. मग मी त्याला आणखी जुनी, मोठ्या माणसांची गोष्ट सांगितली. ही मी पाहिलेली नाही, पण महाराष्ट्राला ठाऊक आहे.

शंभर वर्षांपूर्वी मराठी रंगभूमीवर दोन नावे गाजत होती. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले. दोघांच्या चाहत्यांत आमच्या दोन गल्ल्यांसारखीच चुरस. १९२० साली लोकमान्य गेले. त्यांच्या नावाच्या टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघांनी एकाच नाटकात उतरायचे ठरवले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात तो प्रयोग झाला. खाडिलकरांचेच नाटक, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. नाटकाचे नाव ‘मानापमान’! एका फलकावर दोन मोठी नावे आली की ज्याची भीती असते, तेच नाटकाच्या नावात होते. पण लोकांनी त्या प्रयोगाचे नाव ‘संयुक्त मानापमान’ म्हणून लक्षात ठेवले. कोण वरचढ ठरला याचा वाद चाहते करत बसले, पण एकाने दुसऱ्याला पाडले असे कोणी म्हटले नाही.

आणि पुढे काय झाले? त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव वारले. वय अवघे एकतीस. तेव्हा त्यांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटले असते, तर ती रात्र महाराष्ट्राला दिसलीच नसती.

नातू बराच वेळ गप्प होता. मग तोच सांगू लागला. त्याच्या जगातही असेच घडले आहे म्हणे. विलायतेत बीटल्स नावाचा चार पोरांचा बँड जगभर गाजला. पण १९६३ च्या फेब्रुवारीत ही पोरे हेलन शॅपिरो या सोळा वर्षांच्या गायिकेच्या नावाखाली गावोगाव फिरत होती. त्याच वर्षी मे महिन्यात रॉय ऑर्बिसन हा अमेरिकेचा गायक त्यांच्याबरोबर दौऱ्यावर होता. तो त्यांच्या आधी गायचा आणि लोक त्याला सोडायलाच तयार नसत. बीटल्स पडद्यामागे उभे राहून वाट पाहत.

“आणि आबा, जिमी हेंड्रिक्स!” तो उठून बसला. हा गिटारवाला १९६७ च्या जुलैत अमेरिकेत मंकीज नावाच्या बँडच्या आधी वाजवत असे. ऐकायला आलेली पोरे-पोरी ‘मंकीज, मंकीज’ म्हणून ओरडत. थोड्याच कार्यक्रमांनंतर त्याने तो दौरा सोडला. पुढे १९६९ च्या ऑगस्टात वुडस्टॉकच्या मोठ्या संगीत-जत्रेत त्याला सगळ्यांच्या शेवटी वाजवायचा मान मिळाला. पण कार्यक्रम इतका लांबला की त्याची पाळी आली तेव्हा सोमवारची सकाळ झाली होती आणि बरीचशी माणसे घरी निघून गेली होती.

“म्हणजे आधी वाजवले तरी पंचाईत आणि शेवटी वाजवले तरी पंचाईत,” मी म्हटले. तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसला.

मी त्याला एवढेच सांगितले की बाबा, मीठ म्हणालास ते बरोबर आहे, पण पंगतीत पहिले पान मिठानेच सुरू होते. वखरणी उन्हाळ्यात होते तेव्हा बांधावर कोणी पाहायला येत नाही. कापूस फुटला की मग वाटेचा जाणाराही थांबतो. तुझ्या गाण्यात माइक तपासणाऱ्यांनी चूक केली, यात शंका नाही. ती चूक तू विसरू नकोस, म्हणजे तुझ्या हातून ती होणार नाही. पण तिच्यापायी गिटार विकू नकोस.

त्याने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. चौथ्या दिवशी गाडीला बसला.

गेल्या पंधरवड्यात त्याचा फोन आला. गिटार विकलेली नाही. त्याच्या कॉलेजातच कार्यक्रम होता आणि या वेळी त्यांचा बँड शेवटी वाजवणार होता. आधी पहिल्या वर्षाच्या तीन मुली गाणार होत्या. मी विचारले, “फलकावर नावे कशी लिहिलीत?”

“एकाच मापाची, आबा,” तो म्हणाला. “आणि त्या गात होत्या तेव्हा मी पहिल्या रांगेत बसलो होतो. त्यांचे माइक कार्यक्रमाआधीच मी स्वतः तपासून ठेवले होते.”

मला त्या पन्नाशीच्या मालकिणीची आठवण झाली. तिचे नाव आज गावात कोणाला आठवत नाही. पण तिने आधी गायचे कबूल केले, म्हणून त्या रात्री आमच्या गावात कोणाचे डोके फुटले नाही, आणि दोन्ही गल्ल्या पहाटेपर्यंत एकाच घोंगडीवर बसल्या होत्या.