वऱ्हाडातले रंग आणि रोडगे

सावंतवाडीच्या माणसाला जमीन तांबडी असते हे कुणी शिकवावं लागत नाही. जांभ्याच्या भिंती, जांभ्याचे गडगे, पावसात लाल होऊन धावणारे व्हाळ. माझ्या पॅलेटवरचा गेरू कधी सुकला नाही. म्हणूनच आश्विनात चित्रं काढायला वऱ्हाडात गेलो आणि अकोल्याहून अकोटच्या रस्त्याला पहिलं शेत पाहिलं, तेव्हा बांधावर नुसता उभाच राहिलो. जमीन इतकी काळी असते?

नळीतला तयार काळा रंग लावून पाहिला, तर कागदावर माती मेल्यासारखी दिसली. मग अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर कालवला आणि ती हळूहळू जागी झाली. जवळ बसून पाहावं तर ओल्या ढेकळाला जांभळट झाक, वाळत आलेल्या कडेला राखाडी आणि भेगेच्या आत पुन्हा गडद. बेसॉल्ट झिजून झालेली ही माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पहिल्या वेचणीला आलेला कापूस उभा होता. त्याच्यासाठी रंग लागतच नाही, कागद तेवढा कोरा सोडायचा. वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करत होत्या. वाळल्या बोंडाची टोकं बोटांना कशी ओरखडतात, ते एकीनं हात पुढे करून दाखवलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. जगाचा बाजार ज्या कापसासाठी इथवर आला, तो अजूनही अशाच बोटांनी वेचला जातो.

दुपारी त्याच शेतावर जेवायला थांबवून घेतलं. झाडाखाली गोवऱ्या पेटवलेल्या होत्या. त्यांचा धूर सरून लालभडक आर झाला, तेव्हा जाडसर कणकेचे घट्ट मळलेले, आत तेलाचे पदर दिलेले गोळे त्यात सोडले. हे रोडगे. वरची बाजू करपत आली की काठीनं उलटायचे, पुन्हा राखेत झाकायचे. शिजले की फडक्यानं राख झटकून हातानंच फोडायचे. फोडताना आतून वाफ येते आणि पदर सुटे होतात. त्यावर तूप, शेजारी वरण आणि तेलाचा लाल तवंग आलेली वांग्याची भाजी. बाहेरचा राखाडी-काळा, आतला गव्हाळ, भाजीचा लाल आणि देठाचा हिरवा असे रंग त्या पत्रावळीवर होते. नारळाच्या रसावर वाढलेली माझी जीभ त्या तिखटानं आधी दचकली आणि मग सरावली. मी हात आखडता घेतला तसे घरधनी म्हणाले, “घ्या नं बाप्पा, कायले लाजता?” रोडगे एकट्यासाठी कुणी करत नाही. आर पेटवायचा तो पंगतीसाठीच.

याच रस्त्यावर गांधीग्रामला पूर्णा ओलांडावी लागते. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी मचूळ, त्यामुळे पिण्याचं पाणी आणि ओलीत हा तिथला जुना घोर आहे. अशा मुलखात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे लोक याच पूर्णेचं पाणी कावडीत भरून, खांद्यावर वाहत, राजराजेश्वराला घालतात. सजवलेल्या कावडीला पाण्याच्या भरण्यांच्या रांगाच्या रांगा लावलेल्या असतात. ही कावड मला सांगोवांगीच कळली. पण पाण्याचं मोल जिथं रोज मोजावं लागतं, तिथंच पाण्याची एवढी देखणी मिरवणूक निघते, यात मला नवल वाटलं नाही.

अमरावतीला पोचलो तेव्हा अंबादेवी-एकवीरेच्या नवरात्राची गर्दी ओसरली होती आणि घराघरांत भुलाबाई बसल्या होत्या. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर, आणि मांडीवर बाळ गणोबा. मातीचं ते जोडपं मी हातात घेऊन पाहिलं. भुलोजींचा फेटा गुलाबी, भुलाबाईचं लुगडं हिरवं, आणि डोळे कुंचल्याच्या दोन फटकाऱ्यांत उमटलेले. गंजिफा आणि लाकडी खेळणी रंगवणाऱ्यांच्या गावात मी वाढलो, त्यामुळे असा फटकारा साधायला हात किती बसावा लागतो ते जाणतो. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून त्यात दोघांना बसवतात. मुली टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा खेळ रंगतो. काकू झाकलेला डबा खुळखुळ वाजवतात. “गोड का तिखट?” असा गलका होतो, आणि बरोबर ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. मूर्ती, गाणं आणि खाऊ यांना इथं वेगळं काढताच येत नाही. पुढे मूर्ती पाण्यात जाते, खाऊ पोटात जातो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवी माती.

ही रीत इथल्या साहित्यातही मुरलेली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठीतल्या त्या आद्य गद्यग्रंथात तत्त्वज्ञान आहे, तसंच स्वामींचं रोजचं जेवणखाण आणि चालणंबोलणंही आहे. आणखी मागे गेलं तर वाकाटकांचं वत्सगुल्म येतं, म्हणजे 1998पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेलं वाशीम. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकात अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला, तोही याच वत्सगुल्मात. अजिंठ्याच्या भिंतींपुढे मी विद्यार्थीदशेत अनेकदा बसलो आहे. त्या रंगांमागची राजधानी वऱ्हाडात होती, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात वऱ्हाड म्हटलं की दुष्काळ, कर्ज आणि शेतकऱ्याचं मरण एवढंच डोळ्यांपुढे येतं. ते दुःख खरं आहे आणि त्यावर रंगाचा हात फिरवून ते झाकू नये. पण केवळ दुःखानं ओळखलेला प्रदेश अर्धाच ओळखलेला असतो. जे लोक कोरडवाहू शेतीच्या भरवशावर जगून मातीचे देव रंगवतात, आरावर रोडगे भाजून परक्याला आग्रहानं वाढतात, त्यांच्या कलेला आणि जेवणाला महाराष्ट्राच्या चित्रात आजवर दिली त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

मुंबई-नागपूर गाड्या अकोला आणि बडनेऱ्याला थांबतात आणि आपण बहुतेक जण तेव्हा झोपेत असतो. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: एकदा तिथं उतरा. कोजागरीच्या आसपास जा, शेतात बसून ती काळी माती रंगवा, आणि कुणी जेवायला थांबवलं तर नाही म्हणू नका.