पळसाच्या पानांचा हिशेब

कुठेही जा, पळसाला पानं तीनच. पुणे आणि बंगळूर यांची तुलना निघाली की ही म्हण हटकून पुढे येते. इथली हवा पुण्यासारखीच, असं बंगळुरातली मराठी घरं एकमेकांना सांगतात आणि नव्यानं येणाऱ्याला तेवढा धीर पुरतो. म्हणण्याला आधार नाही असंही नव्हे. दोन्ही शहरं पठारावरची, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतली. वर्षभराच्या तापमानाची सरासरी दोन्हीकडे २४-२५ अंशांच्या घरात. दोन्हींना एकेकाळी पेन्शनरांचं शहर म्हणत, दोन्हीकडे इंग्रजांची छावणी होती, आणि पुढे दोन्हींनी संगणकाच्या धंद्यापायी आपली शीव कुठल्या कुठे नेली. शिवाजीनगरही दोन्हीकडे आहे, पण तो पुरावा म्हणून कुणी धरू नये. एवढं जुळत असताना शंका कशाला काढायची? तरी ती निघते, आणि निघते ती या सरासरीपाशीच.

पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर, बंगळूर तेराच्या जरा अलीकडे. म्हणजे बंगळूर विषुववृत्ताला साडेपाच अंशांनी जवळ. ते अधिक तापायला हवं. तापत नाही, कारण ते उंचावर आहे, हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पण उत्तराचा हिशेब करून पाहावा. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर, पुणे ५६०. हवा किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी थंड होते असं धरलं, तर या ३६० मीटरांचे जेमतेम अडीच अंश येतात. प्रत्यक्षात एप्रिलच्या दुपारी पुणे ३८ च्या आसपास असतं आणि बंगळूर ३४ च्या. फरक चार अंशांचा. जानेवारीच्या पहाटे तर चित्र उलटतं. पुण्याचा पारा अकरा-बारापर्यंत उतरतो, बंगळूरचा पंधरा-सोळाच्या खाली सहसा जात नाही. सगळं उंचीमुळेच घडत असतं तर उंचावरचं गाव हिवाळ्यातही अधिक गारठलं असतं. तेव्हा बंगळूर थंड आहे हे म्हणणंच नीट नाही. ते ना धड तापतं, ना धड गारठतं. पुण्याची सरासरी कडक उन्हाळा आणि कोरडी थंडी यांच्या वजाबाकी-बेरजेतून निघते, बंगळूरची मुळातच मधली असते. यावर कुणी म्हणेल, हे नुसतं कीस काढणं झालं. नागपूर किंवा चेन्नईच्या माणसाला दोन्ही शहरं सारखीच सुखाची. हे खरंच आहे. किती लांबून पाहतो यावर साम्य ठरतं, आणि नागपूरहून पाहणाऱ्याला खोटं ठरवण्याचं काही कारण मला सापडलेलं नाही.

पण म्हणीचा पळस एवढ्यानं सुटत नाही. वनस्पतिशास्त्राला विचारलं तर पळसाला तीन पानं नसतातच. पान एकच, त्याच्या पर्णिका तीन. त्याही एकसारख्या नाहीत. टोकाची मोठी आणि डौलदार, बाजूच्या दोन लहान आणि जरा वाकड्या. शिवाय म्हण रचणारानं एक गोष्ट सोयीनं नजरेआड केली: पळस दुरूनही ओळखू येतो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी, केशरी फुलांनी पेटलेला असताना, आणि तेव्हा झाडावर मोजायला पान जवळजवळ नसतं. सारखेपणाची खूण झाड नेमकी त्याच दिवसांत उतरवून ठेवतं. या दोन शहरांचंही तसंच. त्यांचा वेगळेपणा ठळक होतो तो मार्च ते मेमध्ये. बंगळुरात एप्रिल संपता संपता सूर्य ऐन डोक्यावर येतो, पण त्याच सुमाराला दुपार कलल्यावर ढग जमू लागतात, गडगडाट होतो, आणि मेमध्ये शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडून जातो. पुण्याला वळीव अनोळखी नाही, पण तिथला भरवसा जूनवर. पुण्याचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बहुतेक आटोपतो. बंगळूरचा सर्वाधिक पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा, आणि बंगालच्या उपसागरात काही शिजलं तर नोव्हेंबरातही छत्री लागते. पुण्याची नजर एका समुद्राकडे, बंगळूरची दोन्हींकडे.

वर्षाचा पाऊस बंगळुरात जास्त, साडेनऊशे मिलिमीटरच्या पुढे, पुण्यात सात-साडेसातशे. आणि तरी नदी पुण्याला आहे, बंगळूरला नाही. हा विरोधाभास मला तापमानापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पुणे घाटमाथ्याच्या पायथ्याशी खोलगट जागी बसलं आहे. त्याचं पाणी त्याच्यावर पडलेलंच नसतं, ते वर मावळात हजारो मिलिमीटरांनी कोसळलेलं असतं आणि मुठेतून खाली येतं. खडकवासल्याचं धरण १८७९ चं. बंगळूर मात्र पाणलोटाच्या कण्यावर बसलं आहे. गावात पडलेला थेंब पश्चिमेला घरंगळला तर अर्कावतीमार्गे कावेरीला मिळतो, पूर्वेला गेला तर दक्षिण पिनाकिनीला. म्हणून १५३७ च्या सुमाराला केंपेगौडानं गाव वसवलं तेव्हापासून तळी बांधून पाणी अडवावं लागलं. त्यांतल्या धर्मांबुधी तळ्यावर आज मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम. तळी गेली आणि १९७४ पासून कावेरी आली: शंभरेक किलोमीटर अंतरावरून, सुमारे पाचशे मीटर वर चढवून, विजेच्या जोरावर. आणि कावेरी उगम पावते कुठे? कोडगूत, तलकावेरीला, सह्याद्रीत. म्हणजे शेवटी दोन्ही शहरं सह्याद्रीवरचाच पाऊस पितात; एकाकडे तो उतारानं येतो, दुसऱ्याकडे पंपानं. वेगळेपणा सिद्ध करायला काढलेला मुद्दा असा पुन्हा तीन पानांवर येऊन बसतो.

तिसरं पान कुठलं, हे मग इतिहास सुचवतो, आणि तो इतक्या तत्परतेनं सुचवतो की सावध राहिलेलं बरं. विजापूरच्या फौजेनं १६३८ मध्ये बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुणे आधीच होतं. पुण्याकडे जिजाबाई आणि शिवाजी, बंगळूरकडे तुकाबाई आणि व्यंकोजी. सह्याद्रीच्या कड्यांनी स्वराज्य घडवलं आणि सपाट बंगळुरानं जहागीरदार, असा सोपा निष्कर्ष इथे हाताशी येतो. पण बंगळूरजवळ नंदीदुर्ग आहे, सावनदुर्गाचा अजस्र कातळ आहे. दुर्गम दगड दक्षिणेलाही कमी नव्हता, आणि पुढे शिवाजीराजांनीच १६७७ मध्ये जिंजी घेऊन तो वापरून दाखवला. भूगोल संधी देतो एवढंच म्हणता येतं, आणि तेवढं तर कशाबद्दलही म्हणता येतं. व्यंकोजींनी मात्र बंगळूर सोडून तंजावर धरलं, म्हणजे कण्यावरून थेट कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ते उतरले. आज बंगळूर कावेरीचं जे पाणी वर ओढतं, त्यावर खाली तंजावरच्या भातशेतीचा दावा आहे. शिवाजी-व्यंकोजींच्या बंधुवादाचा हा नवा अध्याय म्हणावा, तर वादी-प्रतिवादी केव्हाच बदललेले.

या दाव्यात एक तपशील असा आहे की माझी सगळी तुलना त्यापुढे डळमळते. कावेरी लवादानं २००७ मध्ये बंगळूरचं पाणी ठरवताना, शहराचा फक्त एक तृतीयांश भाग कावेरीच्या खोऱ्यात येतो, असा हिशेब धरला होता. उतार पाहून काढलेला हिशेब, भूगोलाच्या दृष्टीनं चोख. सर्वोच्च न्यायालयानं १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात तो मानला नाही. शहर अखंड धरलं आणि त्यासाठी ४.७५ टीएमसी पाणी वाढवून दिलं. माणसाच्या बाजूनं पाहिलं तर न्यायालय बरोबर. तहान उतार पाहून लागत नाही. पण मग बंगळूरचा भूगोल म्हणायचा कोणता? कण्यावरच्या या गावाचा, की नळ जिथवर पोचतो तिथवरचा? दुसरा धरला तर कोडगूचा पाऊसही बंगळूरच्या हवामानात मोजावा लागेल आणि मावळचा पुण्याच्या. पहिला धरला तर २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्यावर टँकरच्या रांगेत उभं राहिलेलं शहरच तेवढं खरं, आणि त्याला पुण्याशी जोडून पाहायचं तर पुण्याचाही घाटमाथा काढून घ्यावा लागेल. तसं पुणं मला डोळ्यांसमोर आणता येत नाही.