मकरानचा धाकटा

कराचीहून क्वेट्ट्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर उथल गावाच्या आसपास एक तिठा आहे. त्याला झीरो पॉइंट म्हणतात. तिथून हा रस्ता डावीकडे फुटतो आणि पश्चिमेला तोंड करून चालू लागतो. हिंगोल नदी ओलांडतो, मातीच्या डोंगरांतून वर चढून पुन्हा खाली उतरतो, ओरमारा, पसनी, ग्वादर ही कोळ्यांची गावे गाठतो आणि इराणच्या सरहद्दीवर गब्दला पोचतो. लांबी 653 किलोमीटर. सरकारी वहीत नाव एन-10, लोकांच्या तोंडी ‘कोस्टल हायवे’.

मला त्याच्यावरून जाता आलेले नाही. भारतीय माणसाला पाकिस्तानच्या बलुचिस्तानात पाऊल ठेवणे सोपे नाही. नकाशे, प्रवाशांच्या चित्रफिती, जुने इतिहास आणि वर्षानुवर्षे वाचलेल्या बातम्या यांतून तो ओळखीचा झाला. ही ओळख जसजशी वाढली तसतशी त्याच्याबद्दलची माया आणि काळजी दोन्ही वाढत गेली.

बलुचिस्तानच्या या मकरान किनाऱ्याचे एक मोठे, जुने कुटुंब धरले तर हा त्यातला सगळ्यांत धाकटा. समुद्र, डोंगर, नदी, देवी, कोळी, उंट ही सगळी त्याच्या आधीची. काम 2002 साली सुरू झाले आणि 2004 संपेपर्यंत तो अंगापिंडाने उभा राहिला. पाकिस्तानी लष्कराच्या फ्रंटियर वर्क्स ऑर्गनायझेशनने तो बांधायला घेतला होता. जन्माचे कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला होते. 2002 मध्येच चीनच्या मदतीने ग्वादरला खोल पाण्याचे बंदर बांधायला सुरुवात झाली होती, आणि बंदराला रस्ता हवाच. म्हणजे त्याला बोलावणे आले ते दूरच्या राजधान्यांतून. ओरमाऱ्याच्या कोळ्याने मागितला म्हणून तो आला नाही. त्याच्याबद्दल पुढे जे काही बोलायचे, ते सगळे या एका गोष्टीशी येऊन थांबते.

तरीही आला तो उपयोगी पडला, हे आधी सांगितले पाहिजे. पूर्वी कराची ते ग्वादर हा प्रवास कच्च्या वाटांनी, आतल्या डोंगरांतून वळसे घेत किंवा लाँचने होई आणि त्यात दिवसच्या दिवस मोडत. बाळंतपणात अडलेली बाई, तापाने फणफणलेले मूल, बिघडलेले इंजिन, सगळ्यांना वाट पाहावी लागे. आता सकाळी निघालेली बस त्याच दिवशी पोचते.

ज्या भूमीत तो वाढला, तिने रस्त्यांना कधी थारा दिला नव्हता. इसवी सनापूर्वी 325 मध्ये सिकंदर भारतातून परतताना याच मुलखातून गेला. ग्रीक लोक याला गेड्रोशिया म्हणत. ओरा ते पुरा हे अंतर काटायला सैन्याला साठ दिवस लागले, असे ग्रीक इतिहासकार एरियनने लिहून ठेवले आहे. माणसे तहानेने पडली, ओझ्याची जनावरे सैनिकांनीच मारून खाल्ली. एरियनच्या वर्णनातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो: वाटाड्यांनाच वाट सापडेना, कारण वाऱ्याने वाळू पसरून सगळ्या खुणा पुसून टाकल्या होत्या. जग जिंकत निघालेला राजा आणि त्याच्या पायाखाली दिशा सांगणारी एक रेघ नाही! आज तिथे डांबराची ती रेघ आहे. वाळू अजूनही सवय सोडत नाही. पसनीच्या बाजूला तिचे ढिगारे सरकत असतात, वादळ आले की डांबरावर चढतात. मग कुणीतरी फावडे घेऊन येते आणि रस्ता पुन्हा उघडा करते.

पण रस्त्याचा खरा वैरी वाळू नव्हे, पाणी. वर्षभर थेंबासाठी तरसणाऱ्या प्रदेशात हे विचित्र वाटेल. सिकंदराच्या छावणीलाही हेच नडले होते. एका छोट्या ओढ्याकाठी तळ पडला होता. दूर डोंगरात पाऊस झाला, खाली कुणाला पत्ताही लागला नाही, आणि रात्री लोंढा येऊन सैन्याबरोबरच्या बायकामुलांना घेऊन गेला. इथले डोंगर उघडे आहेत. झाडमूळ नाही, पाणी धरून ठेवणारी माती नाही. पडलेला पाऊस थेट नदीत उतरतो, आणि कोरड्या पात्राची काही तासांत नदी होते. फेब्रुवारी 2005 मध्ये अतिवृष्टीने पसनीजवळचे शादी कौर धरण फुटले, कितीतरी माणसे वाहून गेली. रस्ता तेव्हा नुकताच पुरा झाला होता. जून 2007 मध्ये येम्यिन चक्रीवादळ आले, त्याने पूल उखडले आणि किनाऱ्यावरची गावे पुन्हा तुटली. एकदा रस्ता आला की लोक साठवण कमी करतात, लाँचच्या फेऱ्या कमी होतात, सगळी भिस्त त्याच्यावर पडते. म्हणून तो तुटतो तेव्हा गावांची अडचण जुन्या दिवसांपेक्षा मोठी होते.

पायाखालची जमीनही स्थिर नाही. अरबी भूपट्ट इथे उत्तरेकडच्या भूपट्टाखाली सरकतो आहे. सरकताना समुद्रतळावरचा गाळ खरवडला जातो, थरावर थर चढतो आणि किनारा वर उचलला जातो. ज्या डोंगरांतून या रस्त्याचा बुझी घाट जातो, ते असे समुद्रातून वर आलेल्या चिखलाचे डोंगर आहेत. दगड म्हणावा तर ठिसूळ, माती म्हणावी तर कडक. पावसाने आणि वाऱ्याने त्यांचे मनोरे, बुरूज, माणसांसारखे आकार कोरले आहेत. त्यातल्या एका सुळक्याला ‘प्रिन्सेस ऑफ होप’ म्हणतात, दुसऱ्याला बलुचिस्तानचा स्फिंक्स. रस्ता व्हायच्या आधी ही शिल्पे पाहणारी नजर एखाद्या मेंढपाळाची. आता शनिवार-रविवारी कराचीचे तरुण मोटरसायकलींवरून येतात, फोटो काढतात आणि पुढे कुंड मलीरच्या पुळणीवर मुक्काम टाकतात. मागे प्लॅस्टिकही टाकून जातात, ते पाहून जीव तुटतो.

28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे याच किनाऱ्यासमोर मोठा भूकंप झाला. त्सुनामीने पसनी उद्ध्वस्त केली आणि लाटा अरबी समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत आल्या. मुंबईच्या किनाऱ्यावरही माणसे बुडाली. मकरान आपल्यापासून किती जवळ आहे, हे त्या सकाळी समुद्राने दाखवले होते. सप्टेंबर 2013 मध्ये आवारानला भूकंप झाला, तेव्हा ग्वादरसमोर चिखलाचे एक बेट वर आले आणि काही वर्षांत पुन्हा पाण्याखाली गेले. ज्या जागी बेटे जन्मतात आणि विरतात, तिथे या धाकट्याला एका जागी पडून राहायचे आहे.

त्याच्या आधी इथून एक तार गेली होती. 1860 च्या दशकात, सिंध मुंबई इलाख्यात असताना, इंग्रजांनी कराचीहून ग्वादरपर्यंत खांब रोवून तारायंत्राची वाट नेली आणि पुढे समुद्रातून केबल टाकली. हिंदुस्थान आणि लंडन यांच्यातले निरोप मकरानच्या वाळूवरून धावू लागले. त्या तारेचे रक्षण करावे म्हणून स्थानिक सरदारांना पैसे दिले जात. निरोप लंडनचा, राखण बलुची माणसाची. पुढे रस्ता आला तेव्हाही हिशेब फारसा बदलला नाही, असे मला वाटते.

मात्र एक नाते असे आहे, जे कुणाच्या योजनेत नव्हते आणि तरी रस्त्याने ते निभावले. हिंगोल नदीच्या खोऱ्यात, अघोरच्या पुलापासून आत, डोंगराच्या कपारीत हिंगलाज देवी आहे. घडवलेली मूर्ती नाही. शेंदूर माखलेली नैसर्गिक शिळा. सतीचे मस्तक इथे पडले अशी श्रद्धा आहे. महाराष्ट्रातल्या भावसार समाजाची ती कुळदेवता; सोलापूरपासून कितीतरी गावांत तिचे नाव घेऊन कुळाचार होतात. परिसरातले मुसलमान तिला ‘नानी’ म्हणतात आणि तिच्या यात्रेला नानीचा हज. पूर्वी यात्रेकरू कराचीहून उंटांच्या तांड्याबरोबर वाळवंट तुडवत निघत. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, खारट पाण्याच्या विहिरी, पाय पोळणारी रेती. चंद्रगुप नावाच्या चिखलाच्या ज्वालामुखीवर चढायचे, बुडबुडणाऱ्या चिखलात नारळ टाकायचा, आपली पापे मोठ्याने कबूल करायची आणि मगच देवीकडे वळायचे. ज्यांचे पाय थकले ते वाटेतच राहत.

आता चैत्रात, एप्रिलच्या सुमारास, सिंधमधून हजारो हिंदू बसगाड्या करून येतात. म्हाताऱ्या आज्या येतात, तान्ही मुले येतात, रोजंदारीवर पोट असलेली माणसे दोन दिवसांची सुटी काढून येतात. काही जण अजूनही चालत येतात, डांबराच्या कडेने, हातात झेंडा घेऊन. त्या वाटेची तपश्चर्या रस्त्याने बुडवली, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. जी म्हातारी पूर्वी आयुष्यभर फक्त हात जोडून पश्चिमेकडे बघत बसली असती, ती आज शिळेवर कपाळ टेकते. 2006 साली भारताचे माजी परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह राजस्थानातून यात्रेकरूंचा जथा घेऊन सरहद्द ओलांडून हिंगलाजला गेले होते. आमच्याकडच्या कितीतरी भावसार कुटुंबांना ती यात्रा घडावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. रस्ता तयार आहे. अडले आहे ते माणसांचे.

एरवी त्याचा दिवस कष्टाचा. बर्फात दाबलेली मासळी घेऊन ट्रक कराचीकडे पळतात. इराणी डिझेलचे पिंप लादलेल्या निळ्या झमयाद पिकअप येतात. कायद्याच्या लेखी ती तस्करी, पण मकरानमधल्या कितीतरी चुली त्यावर पेटतात, कारण दुसरे काम नाही.

आणि त्याच्या अंगावर रक्तही सांडले आहे. एप्रिल 2019 मध्ये ओरमाऱ्याच्या बाजूला बसगाड्या थांबवून 14 जणांना खाली उतरवून ठार मारले गेले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तेल-वायू कंपनीच्या ताफ्यावर हल्ला झाला, पुन्हा 14 माणसे गेली. बलुच बंडखोर आणि सरकार यांच्यातल्या या झगड्यात मेलेली माणसे कुणाची तरी मुले, कुणाचे तरी बाप होते. त्यांच्या मृत्यूला कुठल्याही कारणाने रास्त ठरवता येणार नाही. त्यानंतर पहारा वाढला. नाके वाढले, आणि नाक्यांवर तिथल्याच माणसाला विचारले जाऊ लागले: कुठून आलास, कुठे चाललास?

नोव्हेंबर 2021 मध्ये ग्वादरचे कोळी रस्त्यावर उतरले. स्थानिक नेते मौलाना हिदायतुर रहमान पुढे होते, आणि ज्या गावात बायका क्वचितच जाहीरपणे जमत, तिथे बायकांचा प्रचंड मोर्चा निघाला. मागण्या साध्या होत्या. मोठ्या ट्रॉलरनी आमची मासळी खरवडून नेऊ नये. इराणशी चालणारा छोटा व्यापार मोकळा करावा. पाणी द्यावे. नाक्यांवरची अडवणूक थांबवावी. महिनाभराने आश्वासने मिळाली आणि लोक उठले. बंदराची, क्रेनांची, जहाजांची चित्रे छापून आली होती ती याच गावाची, आणि घागर घेऊन टँकरची वाट पाहणारी बाईही याच गावची. जुलै 2024 मध्ये बलुचांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या बलुच यकजहती समितीने ग्वादरला मेळावा बोलावला, तेव्हा तिकडे येणाऱ्या वाटा रोखल्या गेल्या आणि माणसांनी भरलेल्या गाड्या मधेच थांबवल्या गेल्या.

मला राग येतो तो इथे. धाकट्याचा यात काय दोष? चिनी इंजिनिअर असो, पसनीचा कोळी असो, नानीच्या दर्शनाला निघालेली सिंधमधल्या थरपारकरची आजी असो, तो प्रत्येकाला सारखा वागवतो. त्याच्यावर आडवे बांबू टाकतात ती माणसे. ग्वादरचा कोळी मागतो आहे ते एवढेच, की घराकडे परतताना त्याला कुणी त्याच्या घराचा पुरावा मागू नये.