नक्षत्रांचा पाऊस आणि पठाराचा पाऊस

सह्याद्रीच्या माथ्यावर आपला बहुतेक भार उतरवून नैर्ऋत्येचा वारा आमच्या पारनेरच्या पठारावर येतो, तेव्हा त्याच्यापाशी देण्यासारखे फारसे उरलेले नसते. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास जे काही पडते त्याचाही मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर मिळतो. म्हणूनच पाडव्याच्या सकाळी देवळात गुरुजी संवत्सरफल वाचू लागले की कान्हूरपासून निघोजपर्यंतचा शेतकरी ते मन लावून ऐकतो. कृषिहवामानाचा अभ्यासक या नात्याने मला त्या श्रवणाविषयी आदर आहे. परंतु आदर निराळा आणि प्रामाण्य निराळे.

पंचांगातील पर्जन्यविचारात दोन भिन्न गोष्टी एकत्र नांदतात. पहिली नक्षत्रांची. सात-आठ जूनला मृग, जुलैत पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, सप्टेंबरअखेरीस हस्त, हा क्रम म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचे दफ्तरच होय. मृगाच्या ओलीवर बाजरी, मूग, मटकी आणि उत्तरा-हस्ताच्या ओलीवर ज्वारी, हा आमच्या पठाराचा रिवाज आजच्या पर्जन्यनोंदींशीही जुळतो. (सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या तुलनेत सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो, म्हणजे वराहमिहिराच्या काळापासून तीन आठवडे सरकला, हे मात्र ध्यानात ठेवावे.)

दुसरी गोष्ट वाहनांची. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या दिवशी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, त्या संख्येस नवाने भागायचे, आणि बाकी एक उरल्यास घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव व शून्य उरल्यास हत्ती. पैकी बेडूक, म्हैस, हत्ती हे भरपूर पावसाचे, तर कोल्हा व मेंढा ओढीचे. आता सूर्य एक नक्षत्र ओलांडतो तेवढ्या साडेतेरा दिवसांत चंद्र तेराहून किंचित अधिक नक्षत्रे चालतो, यास्तव मोजणीची संख्या प्रत्येक वेळी बारा-तेराने वाढते आणि बाकी बहुधा तीन किंवा चारने पुढे जाते. हत्तीनंतर मेंढा, मेंढ्यानंतर गाढव, गाढवानंतर बेडूक, असा हा क्रम शंभर वर्षांचा आजच मांडता येईल. त्यात वारा नाही, समुद्र नाही, ढग नाही; आणि महाबळेश्वरास जे वाहन, तेच पारनेरास. असे भाकीत कधी खरे ठरले, तर तो योगायोग समजावा.

जुने शास्त्र याहून अधिक डोळस होते. कौटिल्याने पर्जन्यमापनाचे पात्र सांगून अश्मक, अवंती, अपरान्त यांची पर्जन्यमाने वेगवेगळी नोंदवली, आणि वराहमिहिराने मार्गशीर्षापासून ढग, वारा व आकाशाचा रंग पाहून मेघगर्भ ओळखावा व 195 दिवसांनी त्याच्या प्रसवाची अपेक्षा धरावी असे सांगितले. त्याचा सिद्धांत आज टिकत नाही; परंतु आपल्या गावच्या आकाशाकडे पाहण्याची त्याची शिस्त वाहनांच्या कोष्टकात लोपली, याचे मला मनापासून दुःख होते. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणीही याच परीक्षेस उतरली पाहिजे. अक्षय्य तृतीयेच्या रात्री घटात मांडलेली धान्ये आणि चार महिन्यांची चार ढेकळे पहाटे कशी दिसतात, यावरून अवघ्या मुलखाचा पाऊस ठरवण्यास कोणताही कार्यकारणसंबंध मला आढळत नाही.

आधुनिक अंदाजाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. हिमालयातील बर्फावरून ब्लॅनफर्डने 1886 मध्ये पहिला अधिकृत मोसमी अंदाज दिला. पुढे गिल्बर्ट वॉकरने दूरच्या महासागरांवरील वायुदाबाचा संबंध शोधला. वसंत गोवारीकरांच्या सोळा घटकांच्या प्रतिमानाने 1988 पासून वर्षानुवर्षे देशाला चांगला आधार दिला. तरीही 2002 साली 101 टक्क्यांचा अंदाज असता पाऊस 81 टक्केच झाला; जुलै जवळजवळ निम्म्यावर आला. मात्र येथे चूक जाहीर होते, तिची मीमांसा होते आणि प्रतिमान बदलले जाते, हा फरक मूलगामी आहे. तथापि देशाची बेरीज मुख्यत्वे जुलै-ऑगस्टवर ठरते आणि आमची सप्टेंबरवर. तेव्हा अखिल भारताचा अंदाज तंतोतंत खरा ठरूनही पारनेरची आणेवारी पन्नास पैशांच्या खाली जाऊ शकते.

शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारने यातून मार्ग काढला आहे. तेथे गावात पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि रब्बीला कोणती पिके घ्यावीत, हे त्यावरून ठरवतात. माझ्या तालुक्यातील वाचकांस माझी कळकळीची विनंती आहे. पर्जन्यमापक गावाच्या मोकळ्या जागी, झाडा-भिंतींपासून दूर बसवा. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून वहीत लिहा, आणि त्याच ओळीत त्या नक्षत्राचे वाहनही लिहा. दहा-बारा वर्षांची वही शाळेतल्या मुलांपुढे ठेवलीत, तर वाहनांचा निवाडा तीच करतील. तोवर मृगाचा पाऊस 75 ते 100 मिलिमीटर झाल्याखेरीज बियाण्याची पिशवी फोडू नका.