मामांचें मेमरी कार्ड

आमच्या मराठवाड्यांतील जुन्या घरांत दस्तऐवजांचीं गाठोडीं सांपडतात. कांहीं कागद मोडींत, कांहीं निजामी अमदानींतील उर्दूंत. मजकूर शाबूत असून वाचणारा नसेल, तर तो कागद घरांत असून नसल्यासारखाच. संगणकावरील खेळांच्या फायलींची तऱ्हा हीच आहे, हें आम्हांस लातूरच्या मामांमुळें समजलें.

मामा डाळमिलींत हिशेब पाहत. सुटींत आम्ही भावंडें नांदेडहून त्यांच्याकडे गेलों म्हणजे रात्रीं जेवणें आटोपल्यावर ते आमच्याबरोबर 'ग्रान टुरिस्मो' हा १९९७ सालचा मोटारशर्यतीचा खेळ खेळत. त्यांच्या प्लेस्टेशनमध्यें चिप बसविलेली होती. मूळ तबकडीच्या आरंभींच्या वर्तुळांत एक सूक्ष्म लहर असते व तींत देशविभागाचीं अक्षरें असतात. घरगुती यंत्रावर काढलेल्या नकलेंत ती उतरत नाहीं. चिप तींच अक्षरें यंत्रास परस्पर पुरविते, म्हणून नक्कलहि चालते व परदेशची तबकडीहि. नकलांचा तो व्यापार गैरच, असें आमचें मत आहे.

मामा वारल्यावर मामींनीं त्यांचें मेमरी कार्ड आमच्या हातीं दिलें. त्यांत मामांनीं एक शर्यत जपून ठेविली होती. कार्डांत जागा अवघी १२८ किलोबाइट. तींत शर्यतीचीं चित्रें मावणें शक्य नाहीं. तेथें राहतें तें हातांचें काम: कोणती कळ केव्हां दाबली. तें टिपण त्याच खेळाच्या हवालीं केलें तरच शर्यत पुन्हां उभी राहते.

संगणकावर घेतलेली कार्डाची नक्कल १३४९७६ बाइटांची भरली. कार्डाचे स्वतःचे बाइट १३१०७२; वरचे ३९०४ हें नकलेच्या तऱ्हेनें पुढें जोडलेलें मुखपृष्ठ. आमचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राचें सोंग घेणारी योजना, मुखपृष्ठावांचूनची फाईल मागत होता. फायलीच्या नांवाचीं शेवटचीं अक्षरें बदलून येथें भागत नाहीं. पाकिटावरील पत्ता खोडला म्हणून आंतलें पत्र बदलतें काय? तेवढें पान कापल्यावर फाईल 'एमसी' या अक्षरांनीं सुरू झाली. कार्डाच्या १६ खंडांपैकीं पहिला अनुक्रमणिकेचा. तेथें नोंदीच्या आरंभीं 'बीए' हीं अक्षरें दिसलीं, म्हणजे अमेरिकन आवृत्ति. युरोपीय तबकडीनें ही नोंद ओळखली नसती.

अमेरिकेंतील मावसभावानें मूळ तबकडी धाडली. तिची प्रत आम्हीं 'बिन' व 'क्यू' अशा जोडफायलींत घेतली. बिनमध्यें तबकडीच्या प्रत्येक खंडाचे २३५२ बाइट जसेच्या तसे येतात. क्यू ही लहानशी चिठ्ठी, कोणता भाग कोठें सुरू होतो तें सांगणारी. साध्या 'आयएसओ'त खंडाचे २०४८ बाइटच राहतात आणि या यंत्राच्या ध्वनीचे मोठे खंड कापले जातात. चिठ्ठी क्षुल्लक समजून पुष्कळ लोक ती टाकून देतात. मग कित्येक खेळांचें संगीत मुकें होतें.

दिवाळींत मामी नांदेडास आल्या तेव्हां शर्यत लावली. मोटार सुटली, दोन गाड्या मागें टाकल्या आणि एका वळणावर सरळ गवतांत शिरली. मामी पदर सांवरून पुढें सरकल्या. "ह्यांना तिथं ब्रेक लावणं कधी जमलंच नाही," त्या म्हणाल्या, आणि शर्यत पुन्हां पहिल्यापासून लावावयास सांगितली.