पिल्लाची आई

सांगली,
मंगळवार

चि. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू भराभर विचारलंस: बीगल घेऊ की गोल्डन, सांगताहेत ते पैसे जास्त आहेत का, आणि ओजसच्या वाढदिवसापर्यंत मिळेल का. फोनवर हो-नाही म्हटलं, पण मनात राहिलं म्हणून लिहायला बसलो. पिल्लाची आई कुठे आहे, हे काही तू विचारलं नाहीस. जनावरांच्या दवाखान्यातल्या नोकरीभर माझ्याकडे नवं पिल्लू घेऊन आलेल्यांपैकीही फार थोड्यांनी विचारलेलं असायचं.

आपल्याकडे सोयरीक जमवताना मुलीचं आजोळ कुठलं इथपर्यंत चौकशी होते. म्हैस घ्यायला गेलेला शेतकरी ती कितव्या वेताची हे विचारतो, स्वतः धार काढून बघतो, मगच दाव्याला हात लावतो. खाण तशी माती हे सगळ्यांना पाठ. आणि तीच माणसं दहा-बारा वर्षं घरात राहणारं कुत्रं मोबाइलवरचा फोटो बघून ठरवतात आणि हायवेला कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून उचलून आणतात. वर सांगतात, ‘प्युअर आहे, पेपर आहेत.’ अगं, पेपरात वंशावळ असते. पिल्लाला जंत झालेत का, हे त्यात नसतं.

आई दाखवत नाहीत, कारण बऱ्याचदा ती त्या गावातच नसते. कुठल्यातरी शेडमध्ये पिंजऱ्यात असते, पिल्लं एजंटमार्फत लक्झरीने येतात. आणि दाखवली तर सगळं उघडं पडतं. लागोपाठ वेतं घेतलेल्या कुत्रीची आचळं लोंबलेली असतात, फरशीवर पडून पडून कोपरं घट्टे पडून काळी झालेली असतात, आणि माणूस जवळ गेला की ती शेपूट हलवायची सोडून कोपऱ्यात सरकते. ज्या पिल्लाने पहिले दोन महिने अशा आईजवळ काढले, किंवा जे त्याआधीच तिच्यापासून तोडलं गेलं, ते फ्लॅटमध्ये येऊन ओजसला चावलं तर दोष पिल्लाला द्यायचा?

कायदा आहे, बरं का. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाच्या आतल्या कुत्रीची पैदास करता येत नाही आणि वर्षाला एकाहून जास्त वेत घेता येत नाही. पण नोंदणीचा कागद मागणारं गिऱ्हाईक असेल तर नियमाला अर्थ. ‘एवढ्या चौकशा करायला आपण काय पोलीस आहोत?’ असं मला एका शिकल्या-सवरल्या गृहस्थांनी ऐकवलं होतं. मांडीवर पाच आठवड्यांचं पिल्लू, पोट नगाऱ्यासारखं, हिरड्या पांढऱ्याफटक. सोबतच्या लसीच्या कार्डावर तारीख होती, पण बाटलीवरचं स्टिकर नव्हतं आणि सहीखाली डॉक्टरचा नोंदणी क्रमांकही नव्हता. असलं कार्ड म्हणजे कोरा कागदच. आणि ज्यासाठी लस द्यायची त्या पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. तोवर पैसे देऊन, बारशाचे फोटो टाकून झालेले असतात.

जातीचं म्हणशील तर ती जाहिरात ठरवते. 2003 साली हचच्या जाहिरातीत पग आला आणि घरोघरी पग हवा झाला. चपट्या नाकाने त्याला आपल्या उन्हाळ्यात नीट श्वास घेता येत नाही, हे नंतर कळलं. 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळ कुत्र्याचं नाव घेतलं, तर मला पुण्याहून मुधोळसाठी फोन. देशी जातीचं कौतुक मलाही आहे, पण ससा दिसला की सुसाट सुटणारं ते जनावर दहाव्या मजल्यावरच्या टू बीएचकेत काय करणार?

आता दुसरी बाजू. तुझ्या सोसायटीतल्या त्या बाई म्हणतात तसं दत्तक घे, हे माझंही पहिलं मत. पण दत्तक घेणाऱ्यांचीही तऱ्हा असते. संस्थेने फॉर्म भरायला दिला, घर बघायला येतो म्हटलं की लोकांना अपमान वाटतो: ‘फुकटचं गावठी कुत्रं नेतोय, उपकार करतोय, आणि हे आमचीच तपासणी करणार?’ माझ्या मते जी संस्था घर बघायला येत नाही तिच्याकडून घेऊच नये. शिवाय सगळ्यांना नरच हवा. मादी माजावर येते, कटकट नको, म्हणून चांगल्या गुटगुटीत माद्या मागे राहतात. नसबंदी एकदा केली की तो प्रश्नच मिटतो, पण कुत्र्यातही मुलगी नको म्हणणारे आपण! तिसरी तऱ्हा म्हणजे रस्त्यावरून डोळे नुकते उघडलेलं पिल्लू ‘वाचवून’ आणणारे. आई पलीकडच्या गटारापाशी अन्न शोधत असते आणि इकडे यांच्या भूतदयेचं स्टेटस लागतं.

विकत घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. कुत्र्यांवर जीव असणारे, वर्षा-दोन वर्षांतून एखादं वेत घेणारे, आणि उलट तुलाच ‘दिवसभर घरी कोण असतं?’ असं विचारणारे लोक आहेत. त्यांच्याकडे थांबावं लागतं, वाढदिवसाची तारीख गाठता येत नाही. ओजसला या वर्षी सायकल दे.

तरी रविवारी पिल्लू बघायला जायचंच असेल तर शनिवारी त्या विकणाऱ्या माणसाला फोन कर आणि आई बघायला मिळेल का, एवढंच विचार. ‘ती फार्मवर आहे’ म्हणाला तर फार्मवर येतो म्हण. त्याने टाळाटाळ केली तर पेट्रोल वाचलं समज. गेलात तर ओजसला घरीच ठेवा. त्याने एकदा पिल्लू कुशीत घेतलं की तू कसलं कार्ड वाचतेस!

ताईचा गुडघा कसा आहे ते कळव. प्रसादरावांना नमस्कार.

तुझा,
मामा